चावऱ्या कुत्र्यास नवे घर देताना

बैलाच्या बाजारात उभा असलेला शेतकरी बैलाचे दात पाहतो, खूर उचलून पाहतो, त्यास चार पावले चालवून पाहतो आणि शेवटी विकणाऱ्यास विचारतो, "खोड काय आहे?" बैल मारका असेल किंवा गाय लाथाळ असेल, तर ती गोष्ट आज ना उद्या उघडकीस येणारच हे दोघांनाही ठाऊक असते. म्हणून भाव थोडा पडला तरी खोड सांगितली जाते. न सांगता गळ्यात बांधलेले जनावर पुढच्या बाजारी परत येते आणि विकणाऱ्याची पत जाते. कुत्र्याच्या बाबतीत मात्र हा शहाणपणा आपण बाजूस ठेवतो. कुत्रा बहुधा विकत घ्यावा लागत नाही. कोणीतरी तो आणून देतो, आणि फुकट आलेल्या जनावराची चौकशी करण्याचे कोणास सुचत नाही.

इंदापूर तालुक्याच्या दक्षिण भागात, इंदापूर-अकलूज रस्त्यावरील बावडा व त्याभोवतीच्या गावांत पुष्कळ कुटुंबे गावठाणात न राहता आपापल्या रानात वस्ती करून राहतात. चहूकडे ऊस उभा. रात्री रानडुकराची भीती, अलीकडे बिबट्याचीही भीती. अशा वस्तीवर एक-दोन कुत्री असणे स्वाभाविकच आहे. हे ओळखून बारामती-पुण्याकडील नातेवाईक, ओळखीची माणसे आणि बेवारस कुत्र्यांची सुश्रूषा करणारी दयाळू मंडळी आपल्याला न आवरणारा कुत्रा वस्तीवर पाठवितात. "शेतावर मोकळा राहील" हे त्या वेळचे ठरलेले वाक्य होय. त्यामागील हेतू चांगला असतो. परिणाम मात्र नेहमीच चांगला होतो असे नाही, आणि तो का होत नाही हे येथे थोडे विस्ताराने सांगावयाचे आहे.

एक उदाहरण कल्पून पाहू. बारामतीतील एका कुटुंबाने रस्त्याकडेला वाहनाची धडक बसून पडलेला एक कुत्रा उचलून घरी आणला. नर, तांबूस रंगाचा, वर्ष-दीड वर्षाचा. औषधपाण्याने पाय बरा झाला, अंगावर मांस चढले. घरच्या माणसांवर त्याचा जीव जडला. परंतु खाण्याच्या थाळीजवळ कोणी गेले की तो गुरगुरे. एके दिवशी शेजारच्या मुलाने सहज थाळी सरकविली आणि त्याने मुलाच्या हातास दात लावले. शेजाऱ्यांनी तगादा लावला. तेव्हा त्या कुटुंबाने बावड्याजवळच्या वस्तीवर राहणाऱ्या पाहुण्यांना फोन केला : "कुत्रा चांगला तिखट आहे, राखणीस उपयोगी पडेल." यात खोटे अक्षर एकही नाही, जे सांगावयास हवे होते तेवढे मात्र राहून गेले. त्या वस्तीवर म्हातारी आई आहे, तीन वर्षांची नात आहे. दिवाळीच्या सुमारास गळीत हंगाम सुरू झाला म्हणजे बीड-अहिल्यानगरकडून ऊसतोड टोळी येईल, तिच्या कोप्या वस्तीपासून हाकेच्या अंतरावर पडतील, आणि आईबाप फडात असताना कोपीपाशी त्यांची पोरे खेळत असतील. पोरांच्या हातात भाकरीचा तुकडा असेल.

जनावर एका ठिकाणाहून उचलून दुसऱ्या ठिकाणी नेले म्हणजे त्याचा दोष मागे राहत नाही, हा धडा आपल्याच पुणे जिल्ह्याने एकदा महाग किमतीत घेतला आहे. जुन्नर वन विभागात २००१ ते २००३ या काळात उसाच्या पट्ट्यातील अनेक बिबटे पिंजऱ्यात पकडून दूरच्या रानात सोडण्यात आले. संशोधिका विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढे या प्रयोगाचा अभ्यास केला. त्यात असे दिसून आले की, पूर्वी वर्षाला सरासरी ४ असलेले माणसांवरील हल्ले स्थलांतराच्या काळात सरासरी १७ पर्यंत वाढले. ओळखीचा मुलूख सुटलेले, पकडापकडीने बिथरलेले जनावर अनोळखी जागी अधिक धोक्याचे ठरले. कुत्रा म्हणजे बिबट्या नव्हे, हे खरे. आणि कुत्र्यास माणूस हवा असतो, हेही खरे. पण घाबरलेल्या जनावरास एकाएकी नव्या जागी टाकले असता ते पहिल्या दिवसांत अधिकच घाबरते, ही गोष्ट दोहोंस सारखीच लागू आहे.

आधी पिसाळीची शंका फेडावी

चावलेला कुत्रा दुसऱ्यास देण्याचा विचार मनात येण्यापूर्वी एका प्रश्नाचे उत्तर मिळाले पाहिजे : हा स्वभावाचा दोष आहे की पिसाळीचा रोग, ज्यास आता सर्वत्र रेबीज म्हणतात? एरवी शांत असलेला कुत्रा एकाएकी विचित्र वागू लागला, अंधारात दडून बसू लागला, निष्कारण दिसेल त्यास चावू लागला, त्याचा आवाज बदलला, तोंडातून लाळ गळू लागली, किंवा खालचा जबडा लोंबू लागला, तर तो कुत्रा कोणास द्यावयाचा हा प्रश्नच उरत नाही. त्यास हात न लावता बंदिस्त जागी कोंडावे आणि पशुवैद्यकीय दवाखान्यास तत्काळ कळवावे.

वरकरणी निरोगी दिसणारा कुत्रा चावला असेल, तर चावल्या दिवसापासून १० दिवस त्यास बांधून, खाऊपिऊ घालून नजरेखाली ठेवावे. चावतेवेळी त्याच्या लाळेत रोगाचे विषाणू असतील, तर या मुदतीत रोगाची लक्षणे दिसतात वा कुत्रा मरतो. हे दहा दिवस पुरे होण्याआधी कुत्रा दुसऱ्या गावी पाठविणे म्हणजे ज्यास चावला त्याच्या डॉक्टरांच्या हातातील माहिती काढून घेण्यासारखे आहे. उलट, दहा दिवस निभावले म्हणून कुत्रा कायमचा निर्धोक झाला असेही समजू नये. कुत्र्याच्या अंगात हा रोग कित्येक आठवडे, कधी काही महिनेही दबून राहू शकतो. म्हणून ज्याचा पूर्वेतिहास ठाऊक नाही अशा उचलून आणलेल्या कुत्र्यास लगेच लस टोचून घ्यावी आणि तो काही महिने आपल्याच नजरेखाली ठेवून मगच दुसरीकडे देण्याचा विचार करावा. पिलास पहिली लस साधारण तीन महिन्यांचे झाल्यावर आणि पुढे पशुवैद्यक सांगतील त्याप्रमाणे दर वर्षी द्यावी.

ज्यास कुत्रा चावला त्या माणसाने मात्र दहा दिवस वाट पाहत बसू नये. जखम वाहत्या पाण्याखाली साबण लावून १५ मिनिटे धुवावी. त्यावर चुना, हळद, तिखट वा तंबाखू लावू नये. त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठावा. लस स्नायूत दिल्यास पहिला दिवस शून्य धरून ०, ३, ७, १४ व २८ या दिवशी, आणि कातडीत दिल्यास ०, ३, ७ व २८ या दिवशी घ्यावयाची असते. रक्त आलेल्या जखमेत त्याशिवाय प्रतिविषासारखे काम करणारे इम्युनोग्लोब्युलिन भरतात. पोटात चौदा सुया घ्याव्या लागतात ही धास्ती जुन्या मंडळींच्या मनात अजून आहे. ती जुनी लस भारतात २००४ च्या अखेरीस बंद झाली. रोगाची लक्षणे एकदा दिसू लागली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही, हे ध्यानात ठेवले म्हणजे सुईची भीती आपोआप लहान होते.

कुत्रा का चावतो

"जातच वाईट" असे म्हणून आपण मोकळे होतो. परंतु चावणाऱ्या कुत्र्यांपैकी पुष्कळ कुत्री उन्मत्त नसून भ्यालेली असतात. अमेरिकेतील बार हार्बर येथील प्रयोगशाळेत जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर यांनी अनेक वर्षे कुत्र्यांच्या पिलांचे निरीक्षण केले व १९६५ साली त्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. पिलू साधारण तीन आठवड्यांचे झाल्यापासून बारा आठवड्यांचे होईपर्यंतचा काळ माणसाची ओळख पटण्याचा असतो, असे त्यांना आढळून आले. या काळात ज्याने माणसाचा हात, मुलांचा गलका, परके चेहरे पाहिलेच नाहीत, त्यास पुढे प्रत्येक तिऱ्हाईत शत्रू वाटतो. ज्या वासराच्या पाठीवर लहानपणी हात फिरला नाही, ते मोठेपणी वेसण घालताना किती त्रास देते हे शेतकऱ्यास सांगावयास नको.

दुसरे कारण दुखणे. कानात झालेली जखम, हिरडीत रुतलेले हाडूक, अडकून राहिलेल्या गोचिडी, अपघातात मोडून वाकडा जुळलेला पाय, यांपैकी काहीही असले तरी हात लागताच कुत्रा दात दाखवितो. यास्तव कुत्र्याच्या स्वभावाविषयी मत बनविण्यापूर्वी पशुवैद्यकाकडून त्यास नखशिखांत तपासून घ्यावे. दुखणे गेले आणि चावणेही गेले, असे पुष्कळदा घडते. आमच्या मते सर्वांत स्वस्तात होणारी सुधारणा हीच.

तिसरे कारण आपण स्वतः निर्माण केलेले असते. पिलाचे कान कापले की ते तिखट होते, त्यास मिरची खाऊ घातली की ते राखणीस चांगले होते, अशा समजुती काही ठिकाणी आहेत. त्यात तथ्य नाही. कान कापल्याने पिलास फक्त एवढेच कळते की, माणसाचा हात वेदना देतो. जन्मभर आखूड साखळीस जखडलेल्या कुत्र्याचेही तेच. पळून जाण्याचा मार्ग बंद झाला म्हणजे घाबरलेल्या जनावराजवळ दातांखेरीज दुसरे साधन राहत नाही. गुरगुरणाऱ्या कुत्र्यास काठीने मारणे हीदेखील अशीच एक चूक आहे. गुरगुरणे ही सूचना होय. मार खाऊन कुत्रा गुरगुरणे सोडतो, चावणे सोडत नाही. आणि मग "काही न करता एकदम चावला" अशी तक्रार आपणच करतो.

नराचे खच्चीकरण अथवा मादीची नसबंदी केल्याने भटकणे, माजावरील मादीसाठी होणारी भांडणे व नको असलेली पिले थांबतात. ती अवश्य करावी. तथापि तिने भित्र्या कुत्र्याची भीती जात नाही. तेव्हा "ऑपरेशन केले आहे, आता चावणार नाही" अशी हमी कोणी देऊ नये आणि कोणी मानू नये.

कोणता कुत्रा द्यावा, कोणता देऊ नये

पशुवैद्यक इयन डनबार यांनी चावण्याच्या सहा पायऱ्या ठरविल्या आहेत, त्या या कामी उपयोगी पडतात. नुसता अंगावर धावला पण दात लागला नाही, ही पहिली पायरी. दात लागला पण कातडी फुटली नाही, ही दुसरी. एकाच चाव्यात एक ते चार भोके पडली, परंतु ती सुळ्याच्या निम्म्या लांबीहून उथळ राहिली, ही तिसरी. भोके त्याहून खोल गेली, म्हणजे कुत्र्याने दाबून धरले किंवा धरून हिसडले, ही चौथी. पुन्हापुन्हा खोल चावे घेतले, ही पाचवी. आणि जीव गेला, ही सहावी. पहिल्या दोन पायऱ्यांवरील कुत्रा सावधपणे वागविल्यास बहुधा सुधारतो. तिसऱ्या पायरीवरील कुत्र्याच्या बाबतीत घर कोणते यावर सर्व अवलंबून आहे. चौथ्या पायरीपासून पुढच्या कुत्र्यास मुलेबाळे असलेल्या वस्तीवर देणे हे कोणत्याही सबबीवर समर्थनीय नाही.

परंतु जखमेची खोली हा एकच निकष नव्हे. चावण्यापूर्वी काय घडले होते हे तितकेच महत्त्वाचे आहे. थाळी सरकविली, झोपेत पाय पडला, दुखऱ्या पायास हात लागला, असे कारण सांगता येत असेल, तर ते कारण टाळताही येते. कोणतेही कारण सापडत नसेल, कुत्रा दूरवरून धावत येऊन चावत असेल, तर ते टाळण्याचा उपाय नव्या मालकाच्या हाती राहत नाही.

शेळ्या-मेंढ्यांवर जाणाऱ्या कुत्र्याचा येथे स्वतंत्र विचार करावा लागतो. पावसाळा संपल्यावर आपल्या भागातून धनगरांचे वाडे हलू लागतात. खतासाठी शेतात मेंढरे बसविली जातात, रात्री वाघरीच्या आत कोकरे असतात. माणसाशी अत्यंत गरीब असलेला शहरी कुत्रा अशा वाघरीत शिरून एका रात्रीत पाच-सात कोकरे फाडू शकतो. तो भुकेपोटी मारीत नाही. पळणारे दिसले की धरतो. असा कुत्रा बंदिस्त अंगणाच्या घरी खुशाल द्यावा, रानातल्या वस्तीवर देऊ नये. कोंबड्यांच्या मागे लागणाऱ्याबद्दलही तेच.

आणि कोणताही कुत्रा, चांगला वा वाईट, माळावर नेऊन सोडू नये. कडबनवाडीसारखी आपल्या तालुक्यातील गवताळ माळराने लांडग्यांची घरे आहेत. तेथे सोडलेला कुत्रा एक तर उपाशी मरतो, किंवा मेंढरांवर जातो, किंवा लांडग्यांत रोग पसरवितो. पुणे परिसरातील लांडग्यांत कुत्र्याचा वंश मिसळल्याचा जनुकीय पुरावाही संशोधकांना मिळाला आहे.

आता सर्वांत अवघड गोष्ट. काही थोडी कुत्री अशी निघतात की, तपासणी झाली, दुखणे नाही असे ठरले, महिनोन् महिने धीराने वागवून झाले, तरी ती माणसाच्या जिवास धोका करतातच. अशा कुत्र्यापुढे दोनच मार्ग उरतात. ज्याने तो उचलून आणला त्यानेच त्यास उंच जाळीच्या प्रशस्त आवारात, दुहेरी दरवाजाआड, जन्मभर सांभाळावे; किंवा हे खरोखरीच अशक्य असेल आणि कुत्र्याचे स्वतःचे जिणेही भीतीचे व कोंडमाऱ्याचे झाले असेल, तर पशुवैद्यकापुढे सर्व हकीगत मांडून वेदनारहित मरणाविषयी त्याचा निर्णय घ्यावा. एकाच मतावर न थांबता दुसऱ्या पशुवैद्यकाचेही मत घ्यावे. शिरवळचे क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यक महाविद्यालय किंवा मुंबईत परळचे पशुवैद्यक महाविद्यालय येथे जाणकार मंडळी आहेत. हा निर्णय घेणाऱ्या माणसास रात्र रात्र झोप येत नाही. त्यास कोणी निर्दय म्हणू नये. तोच कुत्रा खोड लपवून वस्तीवर पाठविणारा माणूस निवांत झोपतो. परंतु त्याने निर्णय टाळलेला नसून तो तीन वर्षांच्या मुलीवर सोपविलेला असतो.

विष घालणे किंवा दगडा-काठीने ठार करणे हा मार्ग नव्हे. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ प्रमाणे तो ५ वर्षांपर्यंतच्या शिक्षेस पात्र असा गुन्हा आहे.

देण्याची रीत

देणे योग्य आहे असे ठरल्यावर पहिले काम म्हणजे घर पाहणे. फोनवर घर दिसत नाही. स्वतः जावे आणि वस्तीवर कोण कोण राहते, रस्ता किती जवळ आहे, दुधाच्या गाडीवाला कोठवर येतो, शाळेत जाणारी मुले कोणत्या बांधाने जातात, पुढच्या हंगामात कोप्या कोठे पडणार, हे सर्व पाहावे. कुंपण आहे काय? नसल्यास कुत्रा देण्याआधी ते होणार आहे काय? "नंतर करू" म्हणून राहिलेले कुंपण कधी होत नाही, असा अनुभव आहे.

दुसरी गोष्ट बहुधा कोणी करीत नाही, म्हणून ती मुद्दाम सांगतो. कुत्रा घेण्यास होकार बहुधा घरचा कर्ता पुरुष देतो. त्यास भाकरी घालण्याचे, त्याच्या जवळून दिवसातून दहा वेळा जाण्याचे काम मात्र घरातील बाईच्या वाट्यास येते. तेव्हा तिला विचारावे, तिच्यासमोर खोड सांगावी आणि तिने नको म्हटले तर तेथे कुत्रा देऊ नये. वहिनी किंवा आजी नुसती हसून गप्प राहिली, तर तो होकार समजू नये.

खोड सांगताना गोड शब्द वापरू नयेत. "थोडा तिखट आहे", "जरा लाडावला आहे" असे सांगितल्याने ऐकणाऱ्यास काहीच कळत नाही. कोणत्या दिवशी, कोणास, अंगाच्या कोणत्या भागास, काय चालले असताना चावला, किती दात लागले, टाके पडले काय, हे जसेच्या तसे सांगावे. एवढे सांगितल्यावर दहांतील नऊ घरे नको म्हणतील. म्हणोत. दहावे घर जाणूनबुजून हो म्हणेल. आपल्याला तेच घर हवे आहे.

प्रत्यक्ष नेण्यापूर्वी नव्या मालकाने दोन-तीन वेळा जुन्या घरी यावे, कुत्र्याशी न झोंबता जवळ बसावे, आपल्या हाताने खाणे टाकावे. मुसक्याची सवय याच वेळी लावावी. मळणीच्या बैलास आपण मुसके घालतो ते त्याने धान्य खाऊ नये म्हणून. कुत्र्यासाठी जाळीचे मुसके मिळते, त्यातून त्यास धापा टाकता येतात व पाणीही पिता येते. ते एकदम न बांधता आत खाण्याचा तुकडा ठेवून त्यास आपण होऊन तोंड घालू द्यावे. आठ-पंधरा दिवसांत सवय होते. तोंड आवळून बांधणारा पट्टा उन्हाळ्यात घातक असतो, कारण कुत्रा तोंड उघडून धापा टाकल्यानेच अंग थंड ठेवतो.

नव्या ठिकाणी नेल्यावर पहिले पंधरा दिवस कुत्र्यास बंदिस्त जागेतून सोडू नये. पाहुण्यांस दाखवू नये, मुलांस जवळ नेऊ नये, आंघोळ घालण्याची घाई करू नये. खाणे ठरल्या वेळी, ठरल्या माणसाने, एकांतात द्यावे व त्याचे खाणे पुरे होऊन तो बाजूस गेल्यावरच थाळी उचलावी. त्याच्या जुन्या पोत्याचा वा गोधडीचा तुकडा बरोबर द्यावा. ओळखीचा वास त्यास धीर देतो. पहिल्या काही दिवसांत कुत्रा फार शहाण्यासारखा वागला तर हुरळून जाऊ नये. बुजलेला कुत्रा आरंभी गप्प असतो. त्याचा खरा स्वभाव काही आठवड्यांनी दिसू लागतो, आणि अपघात पुष्कळदा याच वेळी होतात, कारण तोवर आपली नजर सैल झालेली असते.

देणाऱ्याची जबाबदारी कुत्रा गाडीतून उतरविल्याबरोबर संपत नाही. त्याने पहिल्या महिन्यात दर आठवड्यास चौकशी करावी. आणि न जमल्यास कोणत्याही दिवशी, कारण न विचारता, कुत्रा परत घेण्याचे वचन द्यावे. ज्यास हे वचन देता येत नाही त्याने कुत्रा देऊ नये. परतीचा मार्ग बंद असला म्हणजे दमलेला नवा मालक तोच कुत्रा तिसऱ्याकडे लोटतो, या वेळी आणखी थोडी माहिती गाळून.

कायद्याविषयी थोडेसे

१९६० च्या प्राण्यांच्या क्रूरतेस प्रतिबंध करणाऱ्या कायद्याच्या कलम ११ प्रमाणे जनावरास उपासमार होईल अशा स्थितीत टाकून देणे आणि गैरवाजवी आखूड वा जड साखळीने दीर्घकाळ जखडून ठेवणे हे दोन्ही गुन्हे आहेत. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ प्रमाणे, आपल्या ताब्यातील जनावरापासून माणसाच्या जिवास धोका होऊ नये म्हणून पुरेशी काळजी न घेणाऱ्यास ६ महिन्यांपर्यंत कैद, ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. म्हणजे वस्तीवर कुत्रा चावला तर त्या दिवशी तो ज्याच्या ताब्यात आहे त्या शेतकऱ्यास जाब द्यावा लागतो. खोड लपविल्याने किती मोठे ओझे दुसऱ्याच्या डोक्यावर जाते ते यावरून दिसेल.

गल्लीतील मोकाट कुत्री पकडून दुसऱ्या गावच्या हद्दीत सोडण्यासही आधार नाही. २०२३ च्या प्राणी जन्मनियंत्रण नियमांनी नसबंदी व लसीकरणानंतर कुत्रे जेथून पकडले तेथेच सोडण्याचे ठरविले. सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशात रेबीज झालेल्या, तसा संशय असलेल्या व आक्रमक कुत्र्यांना यातून वगळले, आणि दत्तक घेण्यास मुभा देताना असेही सांगितले की, दत्तक घेतलेला कुत्रा पुन्हा रस्त्यावर येणार नाही याची जबाबदारी घेणाऱ्यावर राहील.

आता त्या तांबूस कुत्र्याकडे वळू. त्याच्या चाव्यात दोन उथळ भोके पडली. कारण स्पष्ट होते. एरवी तो माणसास धरून आहे. तो देण्याजोगा कुत्रा आहे, परंतु त्या वस्तीवर नव्हे. ज्या घरी फक्त मोठी माणसे आहेत, अंगणास जाळीचे कुंपण आहे आणि हंगामात जवळपास कोप्या पडत नाहीत, अशा घरी तो सुखाने राहील. असे घर मिळेपर्यंत त्याने बारामतीतच, मुलांपासून दूर, एकटा जेवावे. आणि घर मिळाले म्हणजे त्याच्याबरोबर लसीच्या नोंदीचे कार्ड व पुढीलप्रमाणे एक कागद जावा :

"कुत्रा नर, तांबूस, वय अंदाजे दीड वर्ष, मागचा उजवा पाय मोडून जुळलेला. खाताना जवळ गेलेले त्यास चालत नाही. अमुक तारखेस शेजारच्या आठ वर्षांच्या मुलाने थाळी सरकविली असता त्याच्या उजव्या हातास चावला. दोन दात लागले, रक्त आले, टाके पडले नाहीत. त्यानंतर दहा दिवस व पुढे चार महिने निरोगी. खच्चीकरण झाले आहे. रेबीजची लस दिल्याची तारीख व पुढील तारीख कार्डावर आहे. लहान मुलांजवळ सोडू नये. ही सर्व माहिती घेणाऱ्यास व त्यांच्या घरातील मंडळींस समक्ष सांगितली आहे. न जमल्यास मी कुत्रा केव्हाही परत घेईन."

या कागदाच्या दोन प्रती कराव्यात, दोन्हींवर देणाऱ्याची व घेणाऱ्याची सही व्हावी, आणि घेणाऱ्याने आपली प्रत लसीच्या कार्डासह पशुवैद्यकीय दवाखान्यात एकदा दाखवून आणावी.